वऱ्हाडाला विसरायला सांगू नका

राष्ट्र एकसंध राहायचे तर त्याची आठवणही एकच असली पाहिजे, असे हल्ली फार ठासून सांगितले जाते. व्याख्यानमालांत सांगितले जाते, पाठ्यपुस्तकांवरच्या वादांत सांगितले जाते, गावांची नावे बदलण्याच्या मागण्यांमागेही हाच विचार असतो. वऱ्हाडात आल्यावर या म्हणण्याला एक खास रूप येते. इमादशाही, मोगल, निजाम, इंग्रज अशा परक्यांच्या अमलाखाली गेलेली साडेचारशे वर्षे या भूमीने मनाआड टाकावीत. शिवकाळाशी आणि स्वातंत्र्यलढ्याशी जोडणारा तेवढा धागा जपावा. जातीच्या जुन्या जखमा उकरू नयेत. आणि अकोला करार, नागपूर करार यांचे नाव तर काढूच नये, कारण त्याने प्रांतिक कडवटपणा वाढतो. थोडक्यात, चांगला भारतीय व्हायचे असेल तर अमरावती-अकोल्याच्या माणसाने आपल्या आठवणींची छाटणी करून घ्यावी.

असे म्हणणारे सगळेच वाईट हेतूने बोलतात असे नाही. देश तुटू नये ही त्यांची काळजी खरी आहे आणि ती माझीही आहे. पण त्यांनी सुचवलेला उपाय मला मुळातच चुकीचा वाटतो. तो चुकीचा का, हे सांगायला वऱ्हाडाइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

आधी या मताची सर्वांत भक्कम मांडणी विचारात घेऊ. 11 मार्च 1882 रोजी पॅरिसच्या सोर्बोनमध्ये अर्नेस्त रेनाँ या फ्रेंच विचारवंताने राष्ट्र म्हणजे काय या विषयावर व्याख्यान दिले. विस्मरण, किंबहुना इतिहासाबद्दलची चुकीची समजूतसुद्धा, राष्ट्राच्या घडणीला आवश्यक असते आणि म्हणून इतिहास संशोधनाची प्रगती राष्ट्रीयत्वाला धोक्याची ठरू शकते, असा त्याचा दावा होता. 1572 साली फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. ती विसरल्याशिवाय फ्रेंच माणूस फ्रेंच होऊ शकत नाही, असे त्याने उदाहरण दिले. आज छाटणीचा आग्रह धरणाऱ्यांनी रेनाँ वाचलेला असो वा नसो, त्यांचा युक्तिवाद हाच आहे.

पण त्याच व्याख्यानाचा उत्तरार्ध फारसे कोणी सांगत नाही. वंश, भाषा, धर्म किंवा भूगोल यांपैकी एकाच्याही आधारावर राष्ट्र उभे राहत नाही, असे रेनाँने त्यात मांडले. एकत्र येऊन केलेली मोठी कामे आणि यापुढेही एकत्र राहण्याची लोकांनी रोज नव्याने दिलेली संमती, हा त्याने सांगितलेला पाया आहे. आता हे दोन भाग शेजारी ठेवून पाहा. संमती देणाऱ्याला आपण कशाला संमती देतो हे माहीत असावे लागते. त्याच्यापासून निम्मा कागद झाकून घेतलेली सही कोणत्याही कचेरीत टिकत नाही, मग राष्ट्राच्या बाबतीत ती कशी टिकेल? रेनाँचे संमतीचे तत्त्व मान्य केले की त्याचे विस्मरणाचे तत्त्व सोडावे लागते. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत.

आता वऱ्हाडाकडे येऊ. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च आणि तिच्यापायी तुंबलेले देणे भागवण्यासाठी हा मुलूख लावून दिला गेला. पुढे पन्नास वर्षे इंग्रजी दप्तरात अमरावती आणि अकोला हे ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ होते आणि त्यांचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांच्या बदल्यात हा भाग कायमच्या पट्ट्याने घेतला आणि 1903 मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. पण मालकी कागदावर निजामाचीच राहिली. 1923 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले. त्यावर 27 मार्च 1926 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने पाठवलेले उत्तर साऱ्या हिंदुस्थानात गाजले, कारण इंग्रजी सत्ता सर्व संस्थानिकांच्या वर आहे हे त्यात निःसंदिग्धपणे बजावले होते. संस्थानांच्या प्रश्नात सतत पुढे येणारे सार्वभौमत्वाचे हे तत्त्व वऱ्हाडावरूनच इतक्या रोखठोक शब्दांत मांडले गेले. तरी 1936 च्या करारात निजामाचे नामधारी स्वामित्व पुन्हा मान्य झाले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला.

एवढा तपशील देण्याचे कारण आहे. ओळख ही राज्यकर्त्याकडून वारशाने मिळते, हे छाटणीवाल्यांच्या मताचे गृहीतक आहे. ते खरे असते तर वऱ्हाडी माणूस 1947 साली काय झाला असता? कायद्याने तो निजामाचा होता, कारभाराने इंग्रजांचा होता, भाषेने मराठी होता आणि प्रांताने हिंदी भाषकांसोबत बांधलेला होता. त्या गोंधळातून त्याला भारतीय कोणी केले? कोणत्याही राजाने नाही, कोणत्याही तहाने नाही.

1897 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. त्या वर्षी दुष्काळ होता, प्लेग होता आणि टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात होते. स्वागताध्यक्ष होते अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे आणि अध्यक्ष होते केरळचे सी. शंकरन नायर. निजामाच्या नावावर असलेल्या आणि इंग्रजाच्या ताब्यात असलेल्या गावात एका मराठी वकिलाने एका मल्याळी माणसाचे देशाचा पुढारी म्हणून स्वागत केले. या दोघांच्या पूर्वजांचा राजा एक नव्हता, त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी एक नव्हत्या. त्यांना जोडणारी गोष्ट पुढे होती, मागे नव्हती.

हेच आणखी जवळून पाहायचे तर अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला जावे लागते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेला हा खारपाणपट्टा आहे. काळी, खोल, भेगाळणारी जमीन, आणि विहीर खणली तर लागणारे पाणी इतके खारे की ते पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायकांनी गोड्या पाण्यासाठी पायपीट केली आहे. जुन्या काळी याच खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ काढत. इंग्रजी अमलात मिठावर सरकारचा मक्ता आला आणि तो धंदा बुडाला. 1930 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडाला वाटले असते तर हा कोकण-गुजरातचा कार्यक्रम आहे म्हणून स्वस्थ बसता आले असते. वऱ्हाड बसले नाही. सत्याग्रही दहीहंड्याच्या विहिरींवर गेले, ते पाणी उपसले, आटवले आणि कायदा मोडला. ज्या पाण्याने गावाला आयुष्यभर छळले, तेच पाणी त्या दिवशी देशाच्या कामी आले. पुढे त्याच वर्षी 10 जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला, कारण गवत आणि सरपण हे इथल्या शेतकऱ्याचे रोजचे दुखणे होते.

दहीहंडा मला सांगतो ते असे. राष्ट्रीय चळवळ इथे रुजली ती स्थानिक आठवण पुसून नव्हे. बुडालेल्या मीठधंद्याची, खाऱ्या विहिरीची, बंद झालेल्या रानाची आठवण जिवंत होती म्हणूनच दांडी इथे समजली. ती आठवण काढून टाका आणि उरतो तो फक्त दुरून आलेला आदेश. 1942 च्या ऑगस्टमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावली आणि बेनोड्याला लोक गोळ्यांसमोर उभे राहिले. यावली हे तुकडोजी महाराजांचे जन्मगाव. गावोगाव खंजिरीवर भजन करत देशाची गोष्ट सांगणाऱ्या या माणसालाही त्याच महिन्यात अटक झाली. खेड्यातल्या माणसाला देश कळला तो त्याच्या बोलीत, त्याच्या भजनात, त्याच्या दुःखाच्या भाषेत.

आता ‘परक्यांच्या’ काळाकडे वळू. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचा दिल्ली दरवाजा ज्याने नीट पाहिला आहे, त्याला परका आणि आपला अशी रेघ ओढणे अवघड जाईल. हा दरवाजा इमादशाहीतला. त्या दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. दोन तोंडांचा पक्षी, चोचींत हत्ती धरलेला. शेजारी सिंहाच्या आकृती आहेत. दक्षिणेत विजयनगरच्या परिसरात रुळलेले हे चिन्ह मेळघाटातल्या मुसलमान सुलतानाच्या दरवाजावर आले कसे? 1490 मध्ये एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, स्वतंत्र गादी स्थापणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा होता. लहानपणी लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात आणला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला. त्याच्या जन्माची ओळख पुसली गेली, तरी मुळाची खूण गडाच्या दारावर राहिली. या माणसाला परका म्हणायचे की आपला, याचे एका शब्दात उत्तर देणाऱ्याने तो दरवाजा पाहिलेला नाही.

त्याच गडावर 15 डिसेंबर 1803 रोजी काय झाले तेही पाहा. त्याआधी 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. गाविलगडाचा किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत. तो मराठ्यांच्या बाजूने लढता लढता पडला. हल्ला करणाऱ्यांत कर्नल स्टीव्हन्सनचे सैन्य होते आणि ती हैदराबादची तैनाती फौज होती. इंग्रजांच्या बाजूने रक्त सांडणाऱ्यांत मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता. आज या लढाईची एकपदरी गोष्ट सांगायची असेल तर यातला कोणता ना कोणता मृत माणूस गाळावाच लागेल. मराठे विरुद्ध इंग्रज म्हणाल तर दक्षिणेतला शिपाई गळतो, हिंदू विरुद्ध मुसलमान म्हणाल तर सगळीच लढाई कोलमडते. राष्ट्र तेव्हा घडलेले नव्हते म्हणूनच असे झाले, हा या गडाचा खरा धडा आहे. फूट कशी पडते आणि तिचा फायदा कोण उठवतो, हे मुलांना शिकवायचे असेल तर सबंध गाविलगड शिकवावा लागेल.

आठवणींत भर घातल्याने ओळख पातळ होते, ही भीती किती निराधार आहे याचा पुरावा मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला मिळतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे लीळाचरित्र, मराठीतला आद्य गद्यग्रंथ, इथे आकाराला आले. पुढे पंथावर बहिष्काराची वेळ आली, ग्रंथ सांकेतिक लिप्यांत गेले आणि महाराष्ट्राने शतकानुशतके त्यांना आपल्या आठवणीतून वजा केले. पंथ मात्र थेट पंजाबपर्यंत पोहोचला. तिथे त्याला जयकृष्णी म्हणून ओळखतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या कामामुळे त्या लिप्या उलगडल्या आणि मराठी वाङ्मयाची सुरुवात नव्याने सांगावी लागली. त्याने मराठीपण दुबळे झाले काय? उलट ते अधिक जुने आणि अधिक रुंद झाले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा त्या अभिमानात रिद्धपूरचा वाटा होता आणि मराठी भाषा विद्यापीठही तिथेच उभे राहिले. छाटणीवाल्यांचे मत राजवाड्यांनी मानले असते, तर आज हा अभिमान कशावर उभा राहिला असता?

जखमांविषयीचे म्हणणे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. 1927 साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह उभा राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. 13 नोव्हेंबरला डॉ. आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले. या लढ्यात पुढाकार घेणारे डॉ. पंजाबराव देशमुख हे पापळच्या शेतकरी घरातले, पुढे घटना समितीचे सदस्य आणि 1952 ते 1962 केंद्रातले कृषिमंत्री. हे सारे विसरा, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याच्यासाठी ते दार कधी बंद नव्हते त्याला विसरणे स्वस्त पडते. ज्याच्या आजोबांना दाराबाहेर उभे केले, त्याला विसरायला सांगणे म्हणजे त्या अपमानाची पावतीही त्याच्याकडून काढून घेणे. शिवाय ही आठवण राष्ट्राच्या विरोधातली नाहीच. भारताच्या घटनेत अस्पृश्यता रद्द करणारे सतरावे कलम का आले, हे अंबादेवीच्या दारातल्या सत्याग्रहाशिवाय अमरावतीच्या मुलाला कोण समजावणार? घटनेवरचे प्रेम हे त्या लढ्याच्या आठवणीतूनच उगवते.

करारांबद्दलही हेच. 8 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरलेला असताना, पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ यांच्या पुढाऱ्यांनी अकोल्यात बसून ठरवले की एक मराठी प्रांत व्हावा आणि त्यात विदर्भाला आपले वेगळे विधिमंडळ, वेगळे मंत्रिमंडळ असावे. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने निधीच्या न्याय्य वाटपाची आणि दरवर्षी नागपुरात अधिवेशन भरवण्याची हमी दिली. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तरी वऱ्हाड 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांचा कल वेगळ्या विदर्भाकडे होता, अनेकांचा संयुक्त महाराष्ट्राकडे. दोन्ही बाजू देशभक्त होत्या. मी इथे वेगळ्या राज्याची बाजू मांडत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे ही फुटीरता नव्हे. विकासाचा प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी 1983 मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली, कारण कोणीतरी तो शब्द विसरायला नकार दिला होता. घर सोडून जाणारा माणूस हिशेब मागत बसत नाही. हिशेब तोच मागतो ज्याला त्याच घरात राहायचे आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मी टाळणार नाही. आठवणी माणसांना पेटवतात, हे खरे आहे. 2021 च्या नोव्हेंबरात अमरावतीने आणि 2023 च्या मे महिन्यात अकोल्याने दंगल पाहिली, संचारबंदी पाहिली. अशा शहरांत जुने विषय काढणे जोखमीचे आहे, असे कोणी म्हणाले तर मी ते हसण्यावारी नेणार नाही. पण औषध चुकते आहे. पेटवणारा मजकूर इतिहास नसतो. त्याला तारीख नसते, पुरावा नसतो, दुसरी बाजू नसते, आणि त्यात कुठल्यातरी मेलेल्या राजाचा हिशेब आजच्या जिवंत शेजाऱ्याकडून मागितलेला असतो. सबंध इतिहास शिकलेल्या मुलाला असा मजकूर ओळखता येतो. गंडभेरुंडाचा दरवाजा आणि बेनीसिंगाचा मृत्यू ज्याला माहीत आहे, त्याच्या गळी सरळसोट सूडकथा उतरत नाही. ज्याला काहीच शिकवले नाही त्याच्या डोक्यातली रिकामी जागा पहिला पेटवणाराच भरतो. म्हणूनच या शहरांची शांतता जपायची असेल तर इतिहास जास्त शिकवावा लागेल.

हा नियम सर्वांना सारखा लागू आहे. इमादशाहीला किंवा निजामीला सुवर्णकाळ म्हणून मिरवणाऱ्यांनाही पुराव्याला तोंड द्यावे लागेल. निजाम आणि भोसले या दोघांनी एकाच मुलखातून वसुली केली, त्या दुहेरी अमलाखाली वऱ्हाडचा शेतकरी भरडला गेला. त्यात एक धनी मराठी होता म्हणून भार हलका झाला नाही. आणि राष्ट्र ही निव्वळ कल्पना आहे असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी दहीहंड्याला आणि यावलीला जाऊन ते म्हणून दाखवावे. तिथल्या माणसांनी त्या कल्पनेसाठी तुरुंग आणि गोळी पत्करली होती.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाळांतून मुलांना गाविलगड आणि नरनाळा दाखवा, आणि तिथे इमादशाहीही सांगा, भोसलेही सांगा. दहीहंड्याच्या विहिरी दाखवा. रिद्धपूरला न्या. अंबादेवीला नेलेत तर 1927 चे वर्ष सांगितल्याशिवाय परत आणू नका. अकोला करार काय होता हे अकोल्यातल्या मुलाला तरी माहीत असू द्या. यातले काहीही शिकवल्याने देश कमकुवत होणार नाही. जे राष्ट्र आपल्याच मुलांपासून आपली गोष्ट लपवते, त्याचा आपल्या मुलांवर विश्वास नसतो. आणि विश्वास नसलेल्या घरात निष्ठा मागून मिळत नाही.

वऱ्हाडी माणसाला सगळे ठाऊक होते. आपण कोणाच्या नावावर आहोत, कोणाच्या ताब्यात आहोत, कोणी आपल्याला देवळाबाहेर ठेवले, कोणी शब्द दिला आणि पाळला नाही. हे सारे ठाऊक असताना त्याने 1897 ला, 1930 ला, 1942 ला आणि पुढे प्रत्येक निवडणुकीत या देशाला होकार दिला. उघड्या डोळ्यांनी दिलेल्या त्या होकारापेक्षा मजबूत पाया भारताला दुसरा मिळणार नाही. तो होकार ज्यांनी दिला त्यांच्याकडे आता विस्मरणाचे शुल्क मागण्याचा हक्क कोणालाही नाही.